माउईच्या लाव्ह्यावर कोणती सायकल चालेल?

सायकल घ्यायला दुकानात गेलो की आपले प्रश्न ठरलेले असतात. गिअर किती? ब्रेक डिस्कचे का? वजन किती? शेवटचा भाव काय? दुकानदारही त्याच क्रमाने उत्तरे देतो. पण ज्यांना डोंगरातल्या ट्रायथलॉनसाठी सायकल घ्यायची आहे, त्यांनी घरातून निघण्याआधीच स्वतःला एक प्रश्न विचारून ठेवावा. ही सायकल कुठल्या जमिनीवर चालणार आहे?

या प्रश्नाचे महत्त्व ज्या जागेने जगाला शिकवले, ती जागा म्हणजे प्रशांत महासागरातले माउई बेट. अमेरिकेच्या हवाई राज्यातले हे बेट आपल्यापेक्षा घड्याळात साडेपंधरा तास मागे आहे. तिथे रविवारी सकाळचे सात वाजतात, तेव्हा आपल्याकडे रविवारच्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. आधी पोहायचे, मग डोंगरात सायकल चालवायची आणि शेवटी पायवाटांवरून धावायचे. या खेळाला ऑफ-रोड ट्रायथलॉन म्हणतात आणि त्याची सर्वांत नावाजलेली शर्यत, एक्स्टेरा, याच बेटावर जन्मली.

डांबरी रस्ता सोडून

ट्रायथलॉन आणि हवाईचे नाते जुने आहे. १९७८ मध्ये ओआहू या शेजारच्या बेटावर पहिली आयर्नमॅन शर्यत झाली. पोहणारा दमदार, सायकलवाला दमदार की धावणारा, या वादातून ती निघाली. १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. पुढे ट्रायथलॉन ऑलिंपिकपर्यंत पोहोचले, पण त्याची सायकल डांबरी रस्त्यावरच राहिली.

१९९६ मध्ये माउईच्या दक्षिण किनाऱ्यावर वेगळाच प्रयोग झाला. शर्यतीचे नाव तेव्हा अ‍ॅक्वाटेरा होते. सायकल माउंटन सायकल आणि रस्ता म्हणजे ज्वालामुखीचा उतार. पुरुषांत अमेरिकेचा जिमी रिचितेलो आणि महिलांत ऑस्ट्रेलियाची मिशेली जोन्स जिंकली. पुढे शर्यतीचे नाव एक्स्टेरा झाले आणि तिची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२१ पर्यंत माउईवरच होत राहिली. फक्त २०२० हे वर्ष कोरोनामुळे गेले.

अंतरे ऐकून घाबरू नका. पोहणे साधारण दीड किलोमीटर, सायकल तीस-बत्तीस किलोमीटर आणि धावणे दहा किलोमीटरच्या आसपास. पण वेळेचा हिशेब मांडला की खरी गोष्ट कळते. हौशी खेळाडूला पोहायला अर्धा तास लागतो, धावायला तास-सव्वा तास, आणि सायकलला दोन तास किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे निम्म्याहून अधिक शर्यत सायकलवरच जाते.

नेड ओव्हरेंडचे उदाहरण पाहा. १९९० मध्ये कोलोरॅडोतील दुरँगो येथे झालेल्या माउंटन सायकलच्या पहिल्या अधिकृत जागतिक स्पर्धेचा हा विजेता. पोहण्यात तो काही मोठा नव्हता. तरीही १९९८ आणि १९९९ मध्ये, वयाच्या चाळिशीनंतर, त्याने माउईची शर्यत सलग दोनदा जिंकली. पाण्यात गमावलेली मिनिटे त्याने डोंगरात भरून काढली.

मकेना : काळा दगड आणि ओळखीचे काटे

२०१० पर्यंत शर्यत वायलेया-मकेना या कोरड्या किनाऱ्यावर व्हायची. मागे ३,०५५ मीटर उंचीचा हालेआकाला. पाऊस पलीकडच्या बाजूला पडतो, त्यामुळे इकडे ऊन, वाळकी झुडपे आणि काळा दगड.

हा दगड मराठी माणसाला परका नाही. तो बसॉल्ट आहे, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच दगड. हवाईच्या लोकांनी लाव्ह्याला दिलेली दोन नावे भूशास्त्राने जगभर स्वीकारली आहेत. गुळगुळीत, दोरखंडासारख्या वळ्या पडलेला तो पाहोएहोए आणि खडबडीत, धारदार तुकड्यांचा तो आआ. दख्खनच्या पठारावर लिहिणारे आपले भूशास्त्रज्ञसुद्धा पाहोएहोए हाच शब्द वापरतात.

फरक आहे तो वयाचा. आपला लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ऊन-पावसाने त्याचा मुरूम झाला, काळी माती झाली, त्यावर कापूस आणि ज्वारी उगवली. मकेनाजवळचा सर्वांत नवा लाव्हा काही शतकांपूर्वीचाच आहे. त्याच्या कडा अजून बोथट व्हायच्या आहेत. अशा दगडावर टायरची बाजू घासली तर ती चाकूने कापावी तशी फाटते.

दुसरा शत्रू आणखी ओळखीचा. मकेनाच्या वाटांवर कियावेची झाडे आहेत. एका कॅथलिक धर्मगुरूने १८२८ मध्ये होनोलुलूत या झाडाचे बी लावले आणि तिथून ते बेटाबेटांवर पसरले. आपल्याकडे रेल्वेमार्गाच्या कडेला, पडीक रानात, विदर्भापासून कच्छ आणि तामिळनाडूपर्यंत माजलेली वेडी बाभूळ ही या कियावेची अगदी जवळची नातलग. काटे तसेच, चपलेतून आरपार जाणारे. ज्याने सोलापूरच्या माळावर सायकल चालवली आहे, त्याला मकेनाच्या पंक्चरची कथा समजावून सांगायला नको.

म्हणूनच मकेनाचा पहिला धडा टायरचा आहे. सायकलीची फ्रेम कितीही महाग असो, ती जमिनीला टेकत नाही. टेकतात ती दोन टायर.

चाक, टायर आणि हवा

१९९६ मध्ये सगळ्या माउंटन सायकलींची चाके २६ इंची होती. आज शर्यतीच्या सायकलीत २९ इंची चाक रुळले आहे. मोठे चाक खड्ड्यात कमी अडकते आणि दगडावरून सहज पुढे जाते. गंमत म्हणजे २९ इंची चाकाच्या रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर असतो आणि रस्त्यावरच्या रेसिंग सायकलीचाही तेवढाच. फरक फक्त टायरच्या जाडीचा. उंची कमी असेल, साधारण पाच फूट किंवा पाच फूट दोन इंच, तर मात्र २७.५ इंची चाकाची लहान फ्रेम हाताळायला सोपी जाते. घरातल्या किशोरवयीन मुला-मुलींसाठी हे आवर्जून पाहा. "वाढत्या अंगाची आहे" म्हणून मोठी फ्रेम घेऊन देणे हे शर्टाच्या बाबतीत चालते, सायकलीच्या बाबतीत नाही. उतारावर ती आवरत नाही आणि पडायला होते.

टायरची रुंदी २.२ ते २.४ इंच ठेवा. आणि जमेल तर ट्यूबलेस करा. यात ट्यूब नसते. टायरमध्ये सीलंट नावाचे दुधासारखे पातळ द्रव घालतात. काटा घुसला की ते छिद्रात जाऊन घट्ट होते आणि हवा थांबते. बाभळीच्या मुलखात यासारखा आधार नाही. मात्र ते काही महिन्यांत सुकते आणि आपल्या उन्हात आणखी लवकर. दर दोन-तीन महिन्यांनी टायर हलवून आतले द्रव डुचमळते का ते ऐका. आवाज आला नाही तर नवे भरा.

हवा किती? रस्त्यावरची सवय असलेले लोक टायर दगडासारखे कडक फुगवतात. डोंगरात असे टायर प्रत्येक खड्यावरून उडते आणि पकड सुटते. ट्यूबलेस रुंद टायरला साधारण २० ते २८ पीएसआय पुरते. वजन कमी असेल तर कमी, जास्त असेल तर जास्त. ट्यूब असेल तर थोडी जास्त हवा ठेवावी लागते, नाहीतर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते आणि एकदम दोन छिद्रे पडतात. एक छोटा प्रेशर गेज घ्या. अंगठ्याने दाबून पाहण्याच्या सवयीपेक्षा तो कितीतरी खरे बोलतो.

कापालुआ : अननसाच्या मळ्यातून चढ

२०११ मध्ये जागतिक स्पर्धा बेटाच्या वायव्य टोकाला, कापालुआला गेली. तेच बेट, पण जमीन पूर्ण वेगळी. इथे डोंगर पावसाळी. माती लाल, आपल्या कोकणातल्या जांभ्याच्या मातीची आठवण करून देणारी.

पोहणे डी. टी. फ्लेमिंग यांच्या नावाच्या किनाऱ्यावर. हे गृहस्थ इथल्या होनोलुआ रँचचे व्यवस्थापक होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी इथे अननसाची लागवड सुरू केली. पुढे कित्येक दशके हा सगळा उतार अननसाने भरलेला होता. २००९ मध्ये इथला अननस व्यवसाय बंद झाला. मळे ओसाड पडले, पण ट्रक आणि ट्रॅक्टर जायचे ते कच्चे रस्ते राहिले. शर्यतीच्या सायकलवाटेचा काही भाग अशाच रस्त्यांवरून गेला. पूर्वी जिथून अननसाच्या पेट्या खाली यायच्या, तिथून आता घामाघूम खेळाडू वर चढू लागले.

आणखी एक गोष्ट इथे येणाऱ्याने जाणून घ्यावी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस या किनाऱ्यावर, होनोकाहुआ येथे, हॉटेलच्या पायाखोदाईत हजाराहून अधिक मूळ हवाईयन लोकांच्या अस्थी सापडल्या. लोकांनी आंदोलन केले. हॉटेल मागे सरकवावे लागले, अस्थी पुन्हा तिथेच ठेवल्या गेल्या आणि हवाईत पूर्वजांच्या दफनभूमीला संरक्षण देणारा कायदा आला. किनाऱ्यालगतची ती हिरवळ आज मोकळी आहे. तिच्यावर चालायचे नाही, सायकल तर न्यायचीच नाही.

सायकलीचे अंतर इथे बत्तीस किलोमीटरच्या आसपास आणि एकूण चढ हजार मीटरहून अधिक. सिंहगडाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत जितका चढ आहे, त्याहून कितीतरी जास्त, तोही तुकड्यातुकड्यांनी. चढ, लगेच ओढ्यात उतार, पुन्हा चढ. त्यात पाऊस पडला की लाल चिखल. हा चिखल टायरला चिकटतो, फ्रेममध्ये जाऊन बसतो आणि चाक फिरेनासे होते. मग दहा-बारा किलोची सायकल पंधरा किलोची होते आणि ती खांद्यावर घ्यावी लागते.

म्हणून दुकानात एक साधी तपासणी करा. चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये, दोन्ही बाजूंनी, करंगळी सहज जाते का? जात नसेल तर ती सायकल कोकणच्या पावसाळ्यात तुम्हाला रडवेल.

मागे सस्पेन्शन हवे की नको?

सगळ्यात जास्त पैसे ज्या निर्णयात जातात तो हा. फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल म्हणजे हार्डटेल. पुढे-मागे दोन्हीकडे असलेली ती फुल सस्पेन्शन.

हार्डटेल हलकी, स्वस्त आणि देखभालीला सोपी. चढावर पायाचा जोर थेट चाकात जातो. फुल सस्पेन्शन जड आणि महाग. तिचे सांधे आणि शॉक वेळोवेळी उघडून साफ करावे लागतात, आणि ते काम नीट करणारा मेकॅनिक मोठ्या शहरांबाहेर सहज मिळत नाही.

मग लोक ती घेतात कशाला? कारण ट्रायथलॉनमध्ये सायकल संपली की शर्यत संपत नाही. दोन तास दगडांवरून मागचे चाक आपटत राहिले की कंबर आणि मांड्या ठेचून निघतात, आणि त्यानंतर दहा किलोमीटर धावायचे असते. मागचे सस्पेन्शन हे धक्के स्वतःवर घेते. दगडाळ मकेनात त्याची किंमत वसूल होते. कापालुआच्या मऊ मातीत आणि लांब चढांवर हलकी हार्डटेलही तितकीच शोभते.

आपल्याकडच्या बहुतेक घरांसाठी हिशेब सरळ आहे. पहिली सायकल असेल तर हवेवर चालणारे पुढचे सस्पेन्शन, १०० ते १२० मिलिमीटर हालचाल आणि हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असलेली चांगली हार्डटेल घ्या. तेवढ्याच किमतीत मिळणारी फुल सस्पेन्शन घेऊ नका. त्या किमतीत मागचा शॉक बसवायचा तर कंपनी ब्रेक, गिअर आणि चाकांत काटकसर करते. सस्पेन्शन बंद करायची खटकी, म्हणजे लॉकआउट, असेल तर उत्तम. चढावर आणि सपाट रस्त्यावर ती उपयोगी पडते.

गिअर, ब्रेक आणि बाटली

एकेकाळी पुढे तीन आणि मागे सात-आठ चक्रे असायची आणि "एकवीस गिअर" म्हणून ती मिरवली जायची. आता डोंगरी सायकलीत पुढे एकच चक्र आणि मागे अकरा-बारा असतात. चेन अडकण्याची आणि पडण्याची भीती कमी, डोक्याला ताप कमी. संख्येपेक्षा सर्वांत हलका गिअर कोणता ते पाहा. पुढे ३२ दात आणि मागे ५१ असतील तर पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण दीड मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर वेग ताशी पाच किलोमीटर, म्हणजे चालण्याइतका. हास्यास्पद वाटेल, पण खड्या चढावर हाच गिअर तुम्हाला सायकलवर बसवून ठेवतो.

ब्रेक हायड्रॉलिक डिस्कचेच घ्या. लांब उतारावर एका बोटाने थांबता आले पाहिजे. चिखलात रिमचे ब्रेक घासून रिमच झिजते.

पेडलबाबत नवख्यांनी घाई करू नये. बूट अडकवायची पेडल्स वेगवान असतात, पण त्यातून पाय सोडवण्याची सवय व्हायला वेळ लागतो. पहिल्या शर्यतीला रुंद, साधी पेडल्स आणि धावायचेच बूट चालतात. बूट बदलायचा वेळही वाचतो.

आणि बाटली! हवाईच्या उन्हात दोन तास सायकल चालवायची तर एक बाटली पुरत नाही. काही लहान फुल सस्पेन्शन फ्रेममध्ये एकच बाटली बसते. दुकानात हे कुणी सांगत नाही. स्वतः बाटली लावून पाहा.

एक किलोचा हिशेब

हलकी सायकल घेण्यासाठी लोक कर्ज काढायला तयार होतात. म्हणून हा हिशेब कागदावर मांडून पाहू. तुमचे आणि सायकलीचे मिळून वजन ८० किलो आणि शर्यतीत खडा चढ एकूण एक तासाचा. सायकल एक किलोने हलकी केली तर वजन सव्वा टक्क्याने कमी झाले. वेळही साधारण तेवढाच वाचेल, म्हणजे पाऊण मिनिट.

एक पंक्चर काढायला सराव असलेल्याला पाच मिनिटे लागतात, नसलेल्याला पंधरा. आणि एक किलो कमी करायला पन्नास हजार रुपये सहज जातात. चांगली टायर, सीलंट आणि पंक्चर काढण्याचा सराव हे सगळे त्याच्या एका छोट्या भागात होते. घरच्या पैशातून सायकल घेणाऱ्याने हा हिशेब घरी सगळ्यांसमोर मांडावा.

पडण्याचा हिशेब वेगळाच. लेस्ली पॅटरसन ही स्कॉटलंडची खेळाडू माउईवर २०११, २०१२ आणि २०१८ अशी तीनदा जिंकली. एकदा कोस्टा रिकातल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी सायकलवरून पडून तिचा खांदा मोडला. 'ऑल क्वायट ऑन द वेस्टर्न फ्रंट' या कादंबरीचे चित्रपट-हक्क टिकवण्यासाठी तिला बक्षिसाच्या पैशांची गरज होती. तिने एका हाताने पोहून ती शर्यत जिंकली. तिने सहलेखन केलेल्या त्या चित्रपटाला २०२३ मध्ये चार ऑस्कर मिळाली. गोष्ट विलक्षण आहे, पण तुम्ही-आम्ही तिच्यातून इतकेच घ्यावे की जगज्जेतीसुद्धा सायकलवरून पडते. हेल्मेट, हातमोजे आणि उतारावरचा सराव यांत काटकसर नको.

सराव घराजवळच

शर्यतीसाठी एक आणि सरावासाठी दुसरी सायकल ही चैन थोड्यांनाच परवडते. एकाच सायकलीत दोन्ही जमते. आठवडाभर रस्त्यावर सराव असेल तर कमी दातऱ्यांचे, वेगवान टायर लावा, सस्पेन्शन लॉक करा. रविवारी डोंगरात जाताना मोठ्या दातऱ्यांचे पुढचे टायर चढवा. सायकल एकच राहते, फक्त टायर बदलतात.

जागा शोधायला लांब जायला नको. पुण्यात वेताळ टेकडी आहे. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, जिथे कुठे तुम्ही राहत असाल, तिथे शहराबाहेर मुरुमाचा एखादा रस्ता आणि एखादी टेकडी असतेच. सकाळी लवकर जा, पायी येणाऱ्यांना आधी वाट द्या, शेताच्या बांधावरून सायकल घालू नका. महिन्यातून दोनदा सायकलवरून उतरल्या उतरल्या वीस मिनिटे धावा. पहिल्यांदा पाय लाकडाचे वाटतील. पाठ फार आखडत असेल तर हँडल थोडे वर घ्या किंवा सीट तपासून घ्या. ही दुरुस्ती सरावातच होते, शर्यतीच्या दिवशी नाही.

परदेशी शर्यतीला सायकल न्यायची असेल तर पेडल काढताना लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. गॅसच्या छोट्या नळकांड्यांवर विमान कंपन्यांची बंधने असतात, म्हणून हातपंपच बरा. आणि हवाईला जाताना टायर आणि बूट धुऊन न्या. तिथल्या ओहिया या मूळ झाडाला मारणारी बुरशी मातीतून पसरते, म्हणून चिखल इकडून तिकडे नेऊ नका असे तिथे बजावून सांगतात.

लाहायनाचा वड

कापालुआला जाणारा रस्ता लाहायना गावावरून जातो. १८४५ पर्यंत हवाईच्या राज्याची ही राजधानी होती. ८ ऑगस्ट २०२३ रोजी जोरदार वाऱ्यात भडकलेल्या आगीत हे गाव जळाले. शंभराहून अधिक माणसे गेली, दोन हजारांहून अधिक इमारती बेचिराख झाल्या. ऊस आणि अननसाचे मळे बंद पडल्यावर त्या जमिनीवर परदेशी गवत माजले होते. वाळलेल्या त्या गवताने आग वाढवली. कापालुआच्या वर ज्या ओसाड मळ्यांतून सायकली धावल्या, त्याच इतिहासाची ही दुसरी बाजू.

गावाच्या मध्यभागी एक वड आहे. १८७३ च्या एप्रिलमध्ये भारतातून आणलेले हे रोप तिथे लावले गेले. दीडशे वर्षांत त्याने पारंब्या टेकवत जवळपास पूर्ण चौक व्यापला. आगीत तो होरपळला. लोकांनी टँकरने पाणी घातले, मुळांभोवती खत पसरले आणि काही आठवड्यांतच त्याला हिरवी पाने फुटली. जळालेल्या गावातली ती बातमी त्या दिवसांत जगभर वाचली गेली.

जागतिक स्पर्धा त्याआधीच, २०२२ मध्ये, इटलीतल्या मोल्वेनोला गेली होती. तिथे डोलोमाइट पर्वतांखालच्या थंड तळ्यात पोहायचे आणि मुळ्या-दगडांच्या जंगलवाटांवर सायकल चालवायची. पुन्हा जमीन बदलली आणि खेळाडूंना टायर पुन्हा निवडावी लागली.

तुम्हालाही तेच करायचे आहे. दुकानात जाण्याआधी एका रविवारी, जिथे तुमचा सराव होणार त्या वाटेवर पायी जाऊन या. किती दगड, किती काटे, किती चिखल, चढ किती लांब, हे फोनमध्ये टिपून ठेवा. शक्य असेल तर मित्राची सायकल मागून तिथेच एक फेरी मारा. मग दुकानदाराला किमतीआधी ती यादी दाखवा. चांगला दुकानदार ती वाचून तुम्हाला कदाचित ठरवले होते त्यापेक्षा स्वस्त सायकल दाखवेल. उरलेल्या पैशांतून हेल्मेट, पंप आणि सीलंट घ्या.